तांदळातलं नाव

९ जानेवारी १९९६

म्हणजे आता माझी रेवा विमानात नव्हतीच!

कडू वकिलांनी विमान कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं. कंपनी म्हणते, आमच्या यादीत रेवा दांडेकर नावाची प्रवासी होती. दावा लावलाय सत्यजीत घारपुरे यांनी, आणि त्यांच्या बायकोचं नाव सुनंदा. या सुनंदाबाई विमानात होत्या कशावरून? आणि दोघी एकच असतील, तर लग्न झालेली बाई माहेरच्या नावाने प्रवास का करते? नवऱ्याला सोडून निघाली असणार. मग नवऱ्याला भरपाई कसली?

"बघा मावशी, पहिल्यांदा म्हणायचं ती नव्हतीच. ते नाय जमलं तर म्हणायचं, होती पण तुमची नव्हती." वकील हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

दावा आमच्या दोघांचा आहे. जावयाचा आणि माझा. तिकीट पनवेलच्या एजंटाकडून काढलेलं, म्हणून खटला इथल्या कोर्टात चालतो. नाहीतर या वयात मुंबईच्या फेऱ्या!

निघताना वकिलांनी विचारलं, "मावशी, ती घरी काय बोलली व्हती का? भांडणबिंडण?"

मी म्हटलं, आठवत नाही.

आठवतं.

१० जानेवारी

आज काही केलं नाही. तुळशीलासुद्धा कामाला येणाऱ्या जनीनेच पाणी घातलं.

१४ जानेवारी

तिळगूळ केला नाही. शेजारच्या मुली वाटीत घालून देऊन गेल्या. दोघींनी नव्या काचेच्या बांगड्या घातल्या होत्या, हात मुद्दाम वाजवत होत्या. रेवा अशीच होती.

या सगळ्या नावांच्या घोळात मी माझंच नाव आठवत बसले. अरुंधती. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस हजेरी घेताना ते तीन तुकडे करून म्हणायच्या, मध्ये श्वास घेऊन, जिना चढावा तसं. सगळा वर्ग हसायचा. मला मात्र आवडायचं. इतक्या कष्टाने कोणी आपलं नाव घेतंय!

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि मी आशालता झाले. सासूबाईंना अरुंधती म्हणता येत नव्हतं, असं कारण सांगितलं. यांनी आयुष्यभर "अगं" वर भागवलं. आई गेली, भाऊ गेला. आता अरुंधती म्हणणारं पृथ्वीवर कोणी उरलं नाही. म्हणून इथे लिहिते. अरुंधती.

रेवा झाली तेव्हा यांना म्हटलं होतं, हिचं नाव कोणी बदलायचं नाही. हे म्हणाले, "बरं." सगळ्यालाच बरं म्हणायचे. अपघाताच्या आधी तीन वर्षं गेले. सुटले.

आणि मग ते लग्न. याच गावातलं कार्यालय. ताम्हनात तांदूळ पसरले, सत्यजीतरावांच्या आईने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांनी अंगठीने लिहिलं. सुनंदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. मी रेवाकडे बघितलं, ती खाली बघत होती. मला विचारलं नव्हतं. तिला तरी विचारलं होतं का, देव जाणे.

ते नाव मी एकदाही उच्चारलेलं नाही. नागपूरला फोन केला आणि तिच्या सासूने उचलला, की मी म्हणायचे, "ती आहे का?"

२२ जानेवारी

स्टँडसमोर काशिरामच्या दुकानात गेले. एसटीडी बूथ, झेरॉक्स, विमानाची तिकिटं, सगळं एका टेबलावर. रेवाला तो लहानपणापासून ओळखतो. शाळेतून येताना ती त्याच्याकडे पेनात शाई भरून घ्यायची.

"काशिरामभाऊ, ते तिकीट तिने फोन करून सांगितलं होतं का हो?"

"काकू, तेव्हा माझा भाचा बसायचा दुकानात. तो आता दुबईला. फोन आला असेल. कोणी घेऊन गेलं असेल." मग हळूच म्हणाला, "मी त्या दिवसापासून त्या कंपनीचं तिकीट विकत नाही."

पैसे न घेता त्याने मला चहा पाजला. फार गोड होता. सगळा प्यायले.

तिनेच फोन केला असणार. नागपुरात काढलं असतं तर घरी कळलं असतं. म्हणून इथे सांगितलं, आणि इथे ती रेवा दांडेकरच. दुसरं नाव कशाला सांगेल?

२ फेब्रुवारी

तारीख होती. पुढची तारीख मिळाली.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर जागा नव्हती. ज्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या ते गव्हाण-उलव्याकडचे म्हातारे, टोप्या घातलेले, मांडीवर पिशव्या. एकाने सरकून जागा केली. दाजी म्हणत होते त्याला सगळे.

"तुमची कनच्या गावची?" त्याने विचारलं.

"काय?"

"जमीन. आमचा वाढीव भरपायचा हाय. सगल्यांचा त्योच हाय इथं."

"माझी जमीन नाही."

"मंग भरपाय कशाची?"

"मुलगी," मी म्हटलं. "विमानात होती."

त्याने टोपी काढली. परत घातली. मग म्हणाला, "आमची मिठागरा व्हती. आता तिथं बिल्डिंगी झाल्या. कदीमदी जाऊन उबा ऱ्हातो. लोका ईचारतात, कोन पायजे? काय सांगू?" आणि थोड्या वेळाने, "पन जागा तरी दिसते, बाय."

हो. जागा तरी दिसते. मला कुठे जाऊन उभं राहता येईल? ते शेत मी पाहिलेलं नाही. वाटेतल्या विमानतळावर उतरायला आलेलं विमान शेतात पडलं, एवढंच कळलं. तूर होती म्हणे त्या शेतात.

कंपनीचे वकील मुंबईहून गाडीने येतात. तरुण, निळा टाय, बोलणं अगदी मऊ. व्हरांड्यात माझ्यासाठी थांबले. इंग्रजीत बोलले. माझं इंग्रजी ऐकून कोणत्या शाळेत होतात ते विचारलं, आणि त्यांची आईही कॉन्व्हेंटचीच, असं म्हणाले. मला बरं वाटलं. काय ही माणसाची जात, किती पटकन बरं वाटतं!

मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या हक्काला आम्ही हातही लावत नाही. तुमचं वेगळं, सन्मानाने मिटवू. तुम्ही फक्त खरं सांगा. मुलगी तुमच्याकडे परत येत होती ना?"

मी पिशवी उचलून निघाले. पण नाही म्हटलं नाही.

३ फेब्रुवारी

इथे तरी लिहावं.

अपघाताच्या आधी चार दिवस तिचा फोन आला होता. म्हणाली, "आई, मंगळवारी घरीच राहा हं. कुठे जाऊ नकोस."

"का गं?"

"सांगेन. खूप बोलायचंय तुझ्याशी. पोटभर." मग लाइन खरखरली. "आता ठेवते. कोणीतरी येतंय."

कोणीतरी येतंय! आपल्याच घरात कोणी येतंय म्हणून फोन ठेवायचा?

मंगळवारी मी घरीच होते. माझी साठी होती त्या दिवशी. सांजा करून ठेवला होता, मुलगी येईल असं उगाच वाटत होतं. साडेचारच्या बातम्यांत विमान पडल्याचं कळलं. नंतर कंपनीच्या माणसाने टेलिफोनवर यादीतलं नाव वाचलं, माहेरचं. रेवा दांडेकर.

तेव्हापासून मला माहीत आहे. ती त्यांना सोडून येत होती. माझ्याकडे, कायमची. आपलं नाव घेऊन निघाली होती. पोचली नाही, पण निघाली होती. दोन वर्षं मी एवढ्यावर उठते, आंघोळ करते, जेवते.

हे कोर्टात सांगितलं, तर सत्यजीतरावांचा दावा संपला. कडू वकिलांनी स्वच्छ सांगितलंय. त्यांची नोकरीही धड राहिलेली नाही, तिकडे आई अंथरुणावर आहे. कंपनीचं 'ती नव्हतीच' हे सोंग तेव्हाच संपेल, रेवा विमानात होती हे मान्य करतील, आणि ती माझी होती असं कागदावर येईल. माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

खोटं तर नाही ना ते?

४ फेब्रुवारी

जनीला विचारलं, तुझं नाव लग्नात बदललं होतं का? म्हणाली, "तर! माज्या बापानं हिरू ठेवलाता." आणि भांडी घासत हसत सुटली. "आता कोनी हिरू म्हनून हाक मारली ना बाय, मी मागं वलून बगनार पन नाय."

मी असते तर वळले असते.

१७ फेब्रुवारी

सत्यजीतरावांचा फोन.

"आई, तब्येत?"

"बरी आहे. तुमच्या आईंची?"

"तशीच." त्यांच्या बूथमधल्या मीटरची टकटक मला ऐकू येत होती. नेहमी असंच होतं. सासू-जावई म्हणून जे बोलायचं असतं ते दोन वाक्यांत संपतं. "साक्षीला येतोय. बारा मार्च."

"हो, वकिलांनी सांगितलं."

तिच्याबद्दल आम्ही कधीच बोललेलो नाही. ना त्यांनी विषय काढला, ना मी.

११ मार्च

ते आले. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलेत. जनी माझ्यावर भडकली! "जावय गावात आला नि लॉजवर? बाय, लोका तोंडात श्यान घालतील आपल्या!" तिनेच डबा नेऊन दिला. येऊन सांगते, "लय सुकलाय. भाजी नाय खाल्लान. नुस्ता भात."

खाईनात का भात.

१२ मार्च

सावकाश लिहिते.

सत्यजीतरावांची साक्ष झाली. निळ्या टायवाल्यांनी उलटतपासणी घेतली. मी पुढच्याच बाकावर होते.

"लग्नात पत्नीचं नाव बदललंत?"

"हो. आई म्हणाली. तांदळात मीच लिहिलं."

"मग घरात तिला सुनंदा म्हणत होते."

"आई म्हणायची. मी रेवा म्हणायचो."

"का?"

"ती पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने तेच सांगितलं होतं." कोणीतरी मागे हसलं. ते हसले नाहीत. "लग्नाच्या दिवशीच मी तिला म्हटलं, ते तांदळातलं आईसाठी आहे. ताम्हन उचललं की गेलं."

"तरी तिकीट माहेरच्या नावाने काढून ती निघून आली, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"तिने नाही काढलं. मी काढलं."

मी मान वर केली.

"मी कामाला रसायनीला आलो होतो. जाताना पनवेल स्टँडसमोर तिकीट घेतलं. तिथल्या मुलाने नाव विचारलं. पनवेलला सुनंदाला कोण ओळखणार? मी म्हटलं, रेवा दांडेकर."

"पनवेलला आलात आणि सासूबाईंना भेटला नाहीत?"

"नाही. कळलं असतं त्यांना. त्यांच्या साठीला तिला अचानक पाठवायचं होतं. विमानाने. ती कधी बसली नव्हती." इथे ते थांबले. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं, त्यांनी घेतलं नाही. "माझी आई तिला रागवेल म्हणून आम्ही घरात बोललो नव्हतो. फोनसुद्धा ती चोरून करायची. चार दिवसांनी मी स्वतः तिला न्यायला येणार होतो. आईंच्या पाया पडायचं होतं. त्या माझ्याशी कधी मोकळं बोलल्या नाहीत. रेवा म्हणाली होती, मी आधी जाते, पोटभर बोलते तिच्याशी, मग तू ये."

पोटभर.

बाहेर आल्यावर कडू वकिलांना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? ते चकित झाले. "म्हंजे? मावशी, तुमाला नव्हतं? मला वाटलं, घरातल्या घरात बोलला असाल!"

ती मला सोडून गेली नव्हती आणि त्यांनाही सोडून निघाली नव्हती. माझ्या साठीला येत होती. सांजा खायला. हातात काय उरलं माझ्या? दोन वर्षं ज्याच्यावर उठत होते, बसत होते, तेही गेलं. आता तिचं जाणं कोणाच्या माथ्यावर टाकू?

ते पायरीवर उभे होते, चपला शोधत असल्यासारखे. मी जवळ गेले. म्हटलं, "लॉज सोडा. घरी चला." आवाज फार कोरडा निघाला. ते आले. बाहेरच्या खोलीत झोपलेत. जनीने दोनदा भाजी वाढली.

माझी साक्ष उद्या.

१३ मार्च

कडू वकिलांनी विचारलं, मुलीचं नाव? मी म्हटलं, "सुनंदा. सुनंदा सत्यजीत घारपुरे. माहेरची रेवा." आवाज नीट निघाला. निळ्या टायवाले उठले, म्हणाले, ती तुमच्याकडे परत येत होती ना?

"चार दिवसांसाठी," मी म्हटलं. "मग ती आपल्या घरी जाणार होती. सत्यजीत न्यायला येणार होता."