आक्कांच्या स्टुलावरून

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. खोकला गेला. खोलीतली दुसरी मुलगी घरी गेलीय, तिचं पांघरूण मला देऊन. तेव्हा थंडीची काळजी करू नकोस.

परवा फोनवर तू तुमच्या कारखान्यातली शिलाईची लाइन बंद झाल्याचं सांगितलंस आणि मी नुसतं "अगं बाई" म्हणाले. पुढे बोलवलं नाही. म्हणून लिहितेय.

तू म्हणालीस, मागच्या दाराला लावलेल्या कुलपाचा फोटो कपडे मागवणाऱ्या परदेशी कंपनीकडे पोचला. कंपनीने दार उघडायला लावलं नाही, ऑर्डरच काढून घेतली. फोटो आक्कांच्या मशीनच्या जागेवरून काढलेला दिसतो, म्हणून सगळ्याजणी त्यांना पाण्यात पाहतात. "म्हातारीने आमच्या पोटावर पाय दिला," असं तूसुद्धा म्हणालीस.

तो फोटो मी काढला.

सुट्टीत तुझा डबा घेऊन आले होते. आक्कांनी मला आपल्या स्टुलावर बसवलं. "बस गं, विद्यापीठात असलं सिंहासन मिळायचं नाही," म्हणाल्या आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात.

जागतिकीकरणाच्या विषयाला आम्हाला एका कपड्याचा प्रवास शोधायचा होता. मी फोटो दाखवला. मग सगळ्यांनी मिळून कंपनीला लिहायचं ठरवलं, जगाचे नागरिक म्हणून. शिकवणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "तिथल्या बायकांशी बोललीस ना? त्यांना चालणार आहे ना?"

मी हो म्हणाले.

कुलूप वाईटच होतं, हे मी अजूनही म्हणते. आग लागली असती तर तुम्ही जाणार कुठून? पण तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "थांब जरा. एवढा माल जाऊ दे, मग आम्हीच सगळ्या मिळून मालकाला धरतो." दार तुमचं होतं. विचारायला फक्त फोन लावायचा होता.

लावला नाही. कारण मग तुझं म्हणणं वर्गात सांगताना, तिथे माझी बहीण शिवते हेही सांगावं लागलं असतं. फोटो कसा मिळाला असं एकाने विचारलं, तेव्हा मी "ओळखीतून" म्हणाले.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग?"

सोमवारी राहिलेल्या पगाराच्या हिशेबासाठी तुम्ही सगळ्या गेटवर जमणार आहात, तेव्हा मी येतेय. आक्कांना तू काही सांगू नकोस. मीच सांगेन, सगळ्यांच्या देखत. इतके दिवस करून सवरून नामानिराळी राहिले, ते पुरे झालं. बायका बोलतील ते बोलू देत, मध्ये पडू नकोस. हवं तर लांब उभी राहा. ही माझी बहीण, असं म्हणावंसं वाटलं नाही तर म्हणू नकोस. वर्गात मीही म्हटलं नव्हतं.

तुझीच,
धाकटी