शंभर टक्के हमी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सराव परीक्षा दिली. शंभरात बेचाळीस. पास व्हायला ऐंशी लागतात.

पन्नास प्रश्न, पंचाहत्तर मिनिटं. अठ्ठावीस मिनिटं शिल्लक असताना मीच संपवून टाकली. बसवेना. उठून फाटकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो.

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन तीन महिने झाले. जाग अजून साडेचारलाच येते. दाढी करतो, बूट घालतो – आणि मग जायचं कुठं हेच नसतं. तासगावात सकाळी साडेचारला जागं कोण असतं? दुधाची गाडी आणि मी.

परीक्षा ऑनलाइन जाहिरातींची. मोबाइलवर मधेच येतात त्या. कुणाला दाखवायच्या, कुठल्या गावात, कुठल्या वेळी – हे येतं म्हणून सर्टिफिकेट मिळतं. युनिटमधला एक जोडीदार पुण्यात हेच करतो. म्हणाला, "लाले, बैठे बैठे का काम है." तेवढंच मला जमत नाही. बसणं.

साखर कारखान्यात गेटवर सुपरवायझरची जागा होती. शुक्रवारी नको म्हणून सांगून आलो. तिथला माणूस म्हणाला, "साहेबांची गाडी आली की कडक सॅल्यूट पाहिजे. त्यांना आवडतं." चोवीस वर्षं सॅल्यूट केला तो कशाला केला हे माहीत होतं. पूजाला अजून सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी

आज क्लास. सांगलीला एसटीनं, मग विश्रामबागपर्यंत चालत. बाकीची सगळी पोरं-पोरी विशीतली. शिकवणाऱ्या प्रांजल मॅडम पंचवीसच्या असतील. मला काका म्हणतात. पहिल्या दिवशी लागलं होतं, आता सवय झाली.

"काका, सोपं आहे. जाहिरात किती जणांना दिसली ते इंप्रेशन. त्यातल्या किती जणांनी दाबली ते क्लिक. आणि दाबून आत आल्यावर किती जणांनी फॉर्म भरला, ते खरं काम."

मी वहीत लिहिलं – भरतीला किती पोरं आली, किती पळाली, किती लागली. मॅडमनी वही बघितली आणि वर्गाला वाचून दाखवली. कुणी हसलं नाही. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

अठ्ठावन्न.

९ फेब्रुवारी, रविवार

पूजाला कारखान्याचं कळलं. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते तिथं कुणीतरी सांगितलं.

ओरडली नाही. परातीतलं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "जागा नको म्हणलासा त्येचं मला काय न्हाई. मला का सांगितलं न्हाई?"

मी म्हणालो, परीक्षा झाली की सांगणार होतो.

"आवं, एकवीस वर्षं मी ह्या घरात एकटीनं काढली. पोरीला एकटीनं वाढवली. तुमी आलासा तवा वाटलं, आता कुणीतरी बोलायला हाय. तुमी तर नुसतं घरभर फिरताय. मला बसायला जागा राहिली न्हाई घरात."

अंगणात गेलो. पोरगी कोल्हापूरला नर्सिंग करते, तिला फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला.

१३ फेब्रुवारी

मोठी गोष्ट झाली.

क्लासच्या वरच्या मजल्यावर जाहिरातींची कंपनी आहे. क्लास आणि कंपनी एकाच मालकाची, ऋषिराज नावाचा तरणा माणूस. त्यानं वर बोलावलं. उठून उभा राहिला. "सर, बसा. किती वर्षं सर्व्हिस?"

सर म्हणाला.

त्याच्याकडे एका भरती अकॅडमीचं काम आहे. पोरांना फौजेच्या भरतीसाठी तयार करतात, राहायची सोय करतात. त्यांच्या जाहिराती बघायला माणूस पाहिजे. "फौजीची भाषा आमच्या पोरांना येत नाही सर. तुम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा पास करा, हे काम तुमचं. तोपर्यंत शिकायला म्हणून येत जा."

परत येताना कवठेएकंदपर्यंत एसटीत उभाच होतो. जागा रिकामी होती.

१४ फेब्रुवारी

पूजाला सगळं सांगितलं. आधीच सांगितलं, या खेपेला. तिनं शर्टाला इस्त्री केली. एवढंच म्हणाली, "हापिसात फिरू नगासा."

१८ फेब्रुवारी

मॅडमनी अकॅडमीची जाहिरात उघडून दाखवली. नकाशावर निळी वर्तुळं – जत, आटपाडी, म्हसवड, दहिवडी. वय सतरा ते एकवीस, मुलं.

ही गावं मला माहीत आहेत. पाऊस नाही, टँकरचं पाणी, आणि पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं. मी त्यांच्यातलाच. अठराव्या वर्षी अनवाणी पळून लागलो.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात – 'भरतीची शंभर टक्के हमी.'

मी मॅडमना विचारलं, हमी कोण देणार? भरती तर फौज करते.

"ते क्लायंटचं वाक्य आहे काका. आपण फक्त चालवायचं."

घरी येऊन सराव परीक्षा. बहात्तर.

२० फेब्रुवारी

माझा फोटो काढला. वर्दी घालायला सांगत होते, मी नाही म्हणालो, रिटायर माणसानं ती अशी घालायची नसते. मग कोट, त्यावर मेडल. खाली लिहिलं – 'हवालदार लालासाहेब, चोवीस वर्षं देशसेवा. माजी सैनिकाशी थेट बोला.' आणि माझाच नंबर.

शाळेच्या फोटोनंतर कुणी मला एवढ्या उजेडात बसवलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, आवडलं.

२२ फेब्रुवारी

फोटो लागल्यापासून क्लिक दुप्पट. ऋषिराजनं पेढे आणले. आतापर्यंत सोळा फोन आले. सगळे विचारतात उंची किती, छाती किती, पळायचं किती. ते मला झोपेतही येतं. सांगितलं की अकॅडमीचा पत्ता द्यायचा.

चौऱ्याहत्तर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी फोन आला. बाईमाणूस. मागं कुणीतरी कानडीत बोलत होतं, मेंढरांचा आवाज.

"सायेब, मी मनुबाई बोलतीया, जतकडनं. जाहिरातीतलं मिल्ट्रीवालं तुमीच न्हवं?"

हो म्हणालो.

"माझ्या पोराचं बोट गेलंय कडबाकुट्टीत. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. तुमच्यातला मानूस म्हणाला, हुतंय समदं, फकस्त फी आदी भरा. मेंढरं इकाय काढल्यात. तुमी खरं सांगा, हुतंय न्हवं?"

उजव्या हाताचं पहिलं बोट. ट्रिगरचं बोट. मेडिकलच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचणार नाही तो. मला पहिल्या शब्दाला कळलं होतं.

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

विचारून! कुणाला विचारणार होतो मी?

२५ फेब्रुवारी

तरी ऋषिराजला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, बोटाचं ते मेडिकलला बघतील. आपण ट्रेनिंग विकतो, नोकरी नाही."

"जाहिरातीत नोकरीच लिहिलीय."

"जाहिरातीत सगळेच लिहितात सर. तुम्ही परीक्षेकडे लक्ष द्या."

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. अभ्यासाला नियमांचा धडा निघाला. कुठली जाहिरात चालत नाही त्याची यादी. त्यात एक कलम – जे कुणाच्या हातात नाही त्याची खात्री देणारी जाहिरात चालणार नाही. त्यावर सरावाला चार प्रश्न होते. चारही बरोबर आले.

लॅपटॉप मिटला. देवळात जाऊन आलो, रांगेत थांबवेना म्हणून बाहेरूनच हात जोडले. परत उघडला. तेच कलम.

१ मार्च

पाच दिवस त्या बाईला फोन केला नव्हता. आज केला. उशीर होऊन मेंढरं गेली असती तर – हे मनातून जाईना.

सांगितलं, मावशी, नाही होणार. कुणी काहीही सांगू दे. फी भरू नका.

त्यांनी मागं कुणाला तरी कानडीत हे सांगितलं.

मग म्हणाल्या, "मग त्या फोटूत तुमी का हायसा?"

३ मार्च

जेवलो नाही नीट दोन दिवस. पूजा विचारते, परीक्षेचं टेन्शन हाय का? आज बोललो. मेंढरांचं, बोटाचं, फोटोचं. ती ऐकत होती. बेदाणा निवडून तिची बोटं चिकट झालेली, ती धुवायचीसुद्धा थांबली.

"हे काम गेलं तर परत घरभर फिराल."

"फिरेन."

"मग फिरा," म्हणाली.

४ मार्च

प्रांजल मॅडमना म्हणालो, ते वाक्य काढा, नाहीतर माझा फोटो काढा. "मला अधिकार नाही काका. मी पण इथं पगारावरच आहे." डोळे वर केले नाहीत.

थोड्या वेळानं वर्गात आल्या आणि म्हणाल्या, आज एक जादाचा विषय घेऊया. पडद्यावर एक जाहिरात उघडली, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले आणि तक्रार कशी करायची ते सगळं दाखवलं. एकेक पायरी. दोनदा. परीक्षेला हे येत नाही.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी दहाला परीक्षेला बसलो. पूजा शेडवर गेली नाही. उंबऱ्यात बसून राहिली, येईल त्याला परतवून लावत होती. शेजारचे हरिबा अण्णा आले तर म्हणाली, "आवं हळू बोला, पेपर चाललाय." पाय हलत होते टेबलाखाली, पण उठलो नाही. एकदाही नाही.

शहाऐंशी.

पूजाला हाक मारली. तिनं स्क्रीनवर माझं नाव वाचलं, इंग्रजीतलं, एकेक अक्षर बोट ठेवून. मग म्हणाली, "आता?"

तिच्यासमोरच ती जाहिरात उघडली, तीन ठिपके दाबले. कारण लिहिलं. स्वतःचं नाव घातलं.

८ मार्च

ऋषिराजला तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. गेलो. तो पुष्पगुच्छ घेऊन उभा.

म्हणालो, पास झालो, आणि तुमच्या जाहिरातीची तक्रार केली. माझा फोटो आणि नंबर काढा.

गुच्छ टेबलावर ठेवला त्यानं. "नुकसान कुणाचं झालं सर? माझं की तुमचं?"

"माझं."

"मग कशाला केलंत?"

पायऱ्या उतरलो. प्रांजल मॅडम खाली वर्ग घेत होत्या. दारातून हात केला, त्यांनीही केला.

१० मार्च

क्लासच्या ग्रुपवरून काढून टाकलं. जाहिरात अजून चालू. माझा फोटो तसाच. वाक्य तसंच.

त्यामुळं फोनही चालूच.

११ मार्च

नंबर बंद करणार होतो. पूजा म्हणाली, "बंद करू नगा. उचला. आणि खरं सांगा."

आज नऊ फोन. प्रत्येकाला तेच – भरतीला पैसे लागत नाहीत, हमी कुणी देऊ शकत नाही, पळा, अभ्यास करा, मेडिकलचं आधी तालुक्याच्या डॉक्टरला दाखवा. आटपाडीचा एकजण चिडला, "मग जाहिरात कशाला करतासा?" त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी तोच म्हणाला, "बरं झालं उचललासा."

१४ मार्च, धुळवड

सतरा फोन. बोलताना घरभर फिरतो. पूजा आता काही म्हणत नाही, पाण्याचा तांब्या भरून ठेवते.

१८ मार्च

जाहिरात दिसेना! माझ्या फोनवर बघितली, पूजाच्या फोनवर बघितली, हरिबा अण्णांच्या फोनवर बघितली. कुठंच नाही. तक्रारीला उत्तर आलंय – नियमात बसत नसल्यामुळे काढून टाकली आहे.

दुपारी झोपलो. भर दुपारी! तीन तास. पूजा म्हणाली घोरत होतासा.

२० मार्च

मनुबाईंना फोन केला. मेंढरं विकली नाहीत. पोरगं एका टँकरवर क्लीनर म्हणून जातंय म्हणाल्या. जतकडे आलासा तर या म्हणाल्या.

तासगावातल्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं निरोप धाडलाय, अजीमशेठ म्हणून आहेत. त्यांना मोबाइलवर जाहिरात करायचीय. सोमवारी बोलावलंय. काय लिहायचं ते मी आधी माल बघून ठरवणार, असं कळवलं. बघू.

२३ मार्च, रविवार

म्हसवडहून पूजाच्या भावाचा, जोतिबाचा फोन. लय खुशीत होता. "दाजी, धाकट्याला त्या अकॅडमीत घातला. पंधरा दिस झालं. फी समदी एकदम भरली."

मी म्हणालो, अरे, मला आधी एक फोन का नाही केलास?

"आता तुमचाच फोटू हुता की त्यात. तुमास्नी परत काय इचारायचं?"