वर मजला नसलेला जिना

५ मे
हिंगोलीत उतरल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय, टाळतोय. काल बसणारच होतो, तर स्टँडवरच्या रसवंतीचं इंजिन बंद पडलं. ते खोलण्यात दुपार गेली. माझं असंच.

कॉलेजातला जिना पाडून राहिले, शनिवारी. हनुमानचा फोन आला तेव्हा बोअरच्या गाडीवर होतो, गुजरातेत. तसाच निघालो. हनुमान माझ्या वर्गातला. आता जवळा बाजारला खताचं दुकान चालवतो.

६ मे
जिना आहे तसाच. मैदानाच्या कडेला, नुसता आभाळाकडे गेलेला. आधी जिना बांधला, मग मजल्याचा निधी आलाच न्हाई. पोरांनी तो आपला केला. पहिल्या वर्षाचे खाली, मग जसजसं वर्ष तसतसं वर. सगळ्यात वरची पायरी पास झालेल्यांची. तिथं आपल्या मनानं चढायचं न्हाई — वर बसलेल्यानं नाव घेऊन हाक मारायची.

मग पहिल्याला कुणी हाक मारली? शिपाई लिंबाजीमामांना विचारलं. ते म्हणे, “म्या. झाडू धरायला बोलावलं व्हतं त्याला. पास झाला म्हून न्हाई.”

७ मे
माझा एकच पेपर राहिला. त्या दिवशी सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले होते. सकाळी पाणी पाहायला गेलो, तिथं मासेवाल्यांच्यात रमलो. आलो तेव्हा पोरं पेपर देऊन बाहेर. त्यांच्यात अंजली, माझ्याच वर्गातली. आदल्या दिवशी याच जिन्यावर म्हणली होती, “मी आधी पास होते. मग वरून हाक मारते तुला.”

पास झाली ती. मी तवर गाव सोडलं. आता नाशिकला नोकरीला आहे म्हणतात. नंबर बदललाय.

कशी बसली असेल वर? हसली असेल. मोठ्यानं हसायची.

८ मे
जुनी पोरं जमली. कुणी भजी आणली, कुणी लेकरं. एकेकाला हाक, एकेक वर. मी खालीच, शेवटच्या वर्षाच्या पायरीवर.

हनुमान वरून ओरडला, “ये ना बे! उद्या जिनाच न्हाई, आता कोण विचारून राहिलं पास-नापास?”

“राहू दे.”

“काहून? तिकीट लागतंय का?”

सगळे हसले. मीही. जीव मात्र वरच होता. हनुमानच्या हाकेनं गेलो असतो तर ते जाणं नसतंच.

९ मे
जेसीबी गेटात उभा आहे. शेवटचं बसून घ्यावं म्हणून आलो. हे इथंच लिहितोय, कारण अंजली आलीय. वर न जाता माझ्या पायरीवर बसली. धापा टाकतेय. म्हणाली, “सरक. मी पण वर गेले न्हाई कधी. रिझल्टच्या दिवशी सगळ्यांनी हाका मारल्या, तरी न्हाई गेले.”