क्षांतमासीची मुलगी

॥ श्री ॥
गार्डन रीच, ७ जानेवारी १९५३

ती. कालिंदीताईस,
वैशालीचा सा. न. वि. वि.

तुझा चित्रपट एस्प्लनेडच्या थिएटरात अजून गर्दीत चालू आहे असं बाबा म्हणत होते. आईला तुझं नाव काढलेलं खपत नाही, म्हणून मैत्रिणीच्या घरून लिहिते आहे.

डमडमच्या श्रीकांतशी माझं लग्न ठरतं आहे. त्यांच्या आईंना कळलं की सिनेमातली ती नटी आमच्या घरात वाढली. आईनं सांगून टाकलं की तू आत्याची मुलगी नव्हेसच, आमच्या भांडीवाल्या क्षांतमासीची पोर आहेस. त्या खात्री करायला स्टुडिओत येणार आहेत. तू हो म्हण.

आत्या वारल्यावर आठव्या वर्षी तू आमच्याकडे आलीस. आईनं तुझे केस कापले, शाळा सोडवली, कोळशाच्या खोलीत निजवलं. मी काही विसरले नाही. तरी माझ्यासाठी एवढं कर.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून बसलेली,
वैशाली

टॉलीगंज, १९ जानेवारी

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या होणाऱ्या सासूबाई येऊन गेल्या. मी बंगालीतच बोलले. क्षांतमासी कोळशाच्या खोलीबाहेर भांडी घासता घासता माझ्याशी गप्पा मारायची, तेव्हा शिकलेली तिचीच बोली. त्यांनी माझ्या आईचं नाव विचारलं, मी क्षांतमणी सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. मराठी घरातली मुलगी असले धंदे करणारच नाही, असं म्हणाल्या. मी दिलेल्या चहाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

मामींनी मला उपाशी ठेवलं की तू फ्रॉकमध्ये लपवून पोळी आणायचीस. तेवढ्यासाठी खोटं बोलले. लग्नाला बोलावू नकोस. नीट जेवत जा, नाहीतर शालूत काठीसारखी दिसशील.

तुझं भलं चिंतणारी,
कालिंदी

डमडम, ३ मे

ती. कालिंदीताईस सा. न. वि. वि.

सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना तुझा चित्रपट दाखवला. घरी आल्यावर त्यांनी विचारलं की ही राणी तुमच्याकडे काय काय करायची. तू आमच्या ताटातलं उष्टं खायचीस, ते मी सांगितलं. सगळे फार हसले. मीही हसले.

माहेरी राहिलेल्या तुझ्या पेटीत आत्याचा फोटो होता. कुणी पाहू नये म्हणून आईनं तो चुलीत घातला. मी अडवलं नाही. आत्याचा दुसरा फोटो कुणाकडे नाही, हे नंतर कळलं.

यापुढे पत्र पाठवू नकोस. मोलकरणीची मुलगी मराठीत पत्र कसं लिहिते, असं इथे विचारतील. राग मानू नये.

वैशाली

टॉलीगंज, ११ मे

चि. सौ. वैशालीस आशीर्वाद.

हे शेवटचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी रडण्याचा प्रसंग चित्रित करायचा होता. चार वेळा घेतला. रडू आलं नाही. दिग्दर्शक वैतागले.

परवा एका मासिकाचे लोक मुलाखतीला आले. मी लहानपण सांगितलं. मामा-मामींना नावं ठेवली नाहीत, घडलं तेवढंच बोलले. क्षांतमासीची मुलगी असण्यात मला कमीपणा वाटला नसता. तिनं मला भाषा दिली, तिच्यावर आज माझं पोट चालतं. पण मला जन्म शकुननं दिला. तुझ्या बाबांची सख्खी बहीण, तुझी आत्या. तिचा चेहरा आता कुठेच उरला नाही. नाव तरी छापलेलं राहील. तुमच्या घराण्याचं नावही त्यात आलं आहे.

पत्र लिहायला बसले तेव्हा तुझा संसार डोळ्यांसमोर होता. मासिकाला कळवून घराण्याचं नाव काढून घेता आलं असतं. काढलं नाही.

अंक जूनमध्ये निघेल. बंगालीत आहे. तुझ्या सासूबाईंना बंगाली उत्तम येतं.

कालिंदी