टेकडीसमोरची उभी रेघ

मी, खाली सही करणारी, वय पंचाऐंशी, शिक्षण चौथी, धंदा आयुष्यभर गाद्या शिवण्याचा. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जीभ ठिकाणावर असल्याचा दाखला थोरला मुलगा देईल. कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने आणि थोड्या रागातच हे मृत्युपत्र करते. आधी काही लिहिलेलं असेल तर ते रद्द.

घर थोरला आणि धाकटी, दोघांना निम्मं निम्मं. जिन्याखालच्या खोलीवरून भांडू नये. तिथे मांजर राहते, ताबा तिचा.

बँकेतली शिल्लक धाकटीची, कारण दुखण्यात उशाशी ती बसली. थोरल्याने फळं पाठवली. फळं खाल्ली, विषय संपला.

आता मुद्द्याचं. माझे यजमान देखाव्यांची चित्रं काढत. आधी बाहेर जाऊन स्केचबुकात पेन्सिलने, मग घरी मोठ्या कॅनव्हासवर रंगात. त्या स्केचबुकाला आम्ही वहीच म्हणायचो. ती मी शिवली आहे, गादीच्या दोऱ्याने, म्हणून अजून एक पान सुटलेलं नाही. पुठ्ठ्यावरचं कापड यांच्या लग्नातल्या पँटचं. वही पावसात फुगली, उन्हात वाळली. आता मिटली तरी तोंड उघडंच राहतं, माझ्यासारखं.

पानापानावर एक उभी रेघ आहे, वर ठिपका. ती मी. झाड केवढं, टेकडी केवढी, हे मापात यावं म्हणून हे मला समोर नेऊन उभं करत आणि लांबून ओरडत, "हलू नकोस गं!" उन्हात पाय भाजायचे. हात चांगला होता यांचा, खोटं कशाला बोलू. झाड काढलं की वारा कुठून येतोय ते कळायचं. पण मोठ्या चित्रात मी गायब. विचारलं तर म्हणाले, "देखाव्यात माणूस आला की नजर तिथेच जाते." जाऊ दे की नजर! माझं काय तोंड वाकडं होतं?

टेकडीच्या चित्राला तर नाव दिलं 'निर्जन'. त्या दिवशी मी वही यांना फेकून मारली. हे वाकले, वही कपाटावर आपटली. कोपरा चेपलाय तो तेव्हाचा. तो कोणी सरळ करू नये.

गेल्या महिन्यात थोरला एका गॅलरीवाल्याला घेऊन आला. तो पानं उलटत म्हणाला, "आजी, जागोजागी पेन्सिल घसरलीय. आम्ही हलक्या हाताने पुसून घेतो. देखावा स्वच्छ दिसेल, मग प्रदर्शनात ठेवू."

थोरला म्हणाला, "दे ना आई. एक रेघच तर आहे."

मी टेकडीचं पान उघडलं. "ही रेघ पोटाशी जाड आहे, दिसतेय? तो तू आहेस, गाढवा. पुसू?"

गॅलरीवाला अर्धा चहा टाकून उठला. थोरला त्याला सोडायला खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणालाच, "बरं, तुझ्यानंतर बघू." म्हणून हा कागद. माझ्यानंतर बघायचं ते हे.

सबब, वही धाकटीच्या मुलीला. ती जमिनीची मोजणी करते; तिचा मदतनीस मापासाठी रंगीत पट्ट्यांची काठी धरून उन्हात उभा असतो. तिने वही उघडली आणि विचारलं, "आजी, काठीच्या जागी तू का गं?" इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं नाही.

अटी अशा. रबर लावू नये. पान कापू नये. प्रदर्शनात द्यायची तर खुशाल द्यावी, पण टेकडीच्या पानाखाली लिहावं: 'टेकडी, आणि समोर बायको.'

मोठी चित्रं सगळी थोरल्याला. विकावीत, टांगावीत. त्यांत कोणीच नाही, तेव्हा जाब विचारायलाही कोणी येणार नाही.

मी सांगितलं, वकिलांच्या कारकुनाने लिहिलं, मी वाचून पाहिलं. 'गाढवा' गाळू का म्हणून त्याने विचारलं. गाळू दिलं नाही.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा फ्रेमवाला आणि वरच्या मजल्यावरची नर्स. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. फ्रेमवाल्याच्या नावे माझी कात्री लिहायची होती, पण साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. म्हणून ती त्याला जिवंतपणीच देऊन टाकली.

ठिकाण: राहतं घर, खिडकीपाशी.
तारीख: वकिलांच्या शिक्क्याखाली आहे ती.

सही: हात थरथरतोय, अंगठा उठवा, असं वकील म्हणाले. अंगठा आडवा पडतो. मी उभी रेघ ओढली आहे, वर ठिपका. शाईने.

खोडून दाखवा.