चोवीस खिडक्यांचा पिंजरा

२ सप्टेंबर १९५८, पुसद
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या मागाहून कामी येतात. आजपासून तंबाखूही बंद.
आमचे मोठे मिस्त्री रामराव रिटायर होणार. मालक म्हणाले, खांडेनवमीला मशीनची पूजा झाली की नवा मोठा मिस्त्री जाहीर करू. नवा म्हणजे मीच. सतरा वर्षं या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहे, दुसरं आहे कोण? भागीरथेला सांगितलं, मोठ्या मिस्त्रीच्या क्वार्टरमध्ये नळ आहे, ती घागर आता खुंटीला टांग. ती म्हणे, पयले नळ तर येऊ द्या, मंग पाहू. बायकोचा आपल्यावर विश्वास नसणं हे फार वाईट.

६ सप्टेंबर
कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसखालचं बेअरिंग उघडलं. पिंजरा तुटला आहे, रोलरही झिजलेत.
प्रेसला दोन पेट्या. एकीत रुई भरायची, दुसरीतली दाबायची, मग चार हमालांनी ढकलून दोन्ही मधल्या खांबाभोवती फिरवायच्या. सगळं वजन खालच्या एका बेअरिंगवर. जात्यासारख्या दोन लोखंडी चकत्या, मध्ये आडवे रोलर, आणि रोलर एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून खिडक्या पाडलेला पितळी पिंजरा.
मशीन-कंपनीचा मुंबईचा एजंट कळवतो, विलायतेहून नवा यायला जानेवारी. सीझन नोव्हेंबरात. मालक कपाळाला हात लावून बसले. मी म्हणालो, मी बनवतो. मालकांनी दोनदा विचारलं, नक्की? मी दोन्हीदा नक्की म्हणालो.

८ सप्टेंबर
जुन्या पिंजऱ्याचा अभ्यास केला. पाच मिनिटांत चूक सापडली. फक्त बारा खिडक्या, आणि एका खिडकीत अख्खा रोलर नाही, एकापुढे एक दोन आखूड तुकडे! म्हणजे उरलासुरला माल विलायतेतही खपवतात. मी खिडकीत एकच लांब रोलर घालणार. आणि बाराच का? चोवीस! वजन बारा जणांनी उचलण्यापेक्षा चोवीस जणांनी उचललं तर हलकं, हे दुसरीतल्या पोरालाही कळतं.
नाव ठरलं: सदाशिव केज. पेटंट कुठे मिळतं याची चौकशी करणे.
तंबाखू थोडी घेतली. डिझाइनला लागते.

१५ सप्टेंबर
ड्रॉइंग पूर्ण. चोवीस खिडक्या बसवताना मधल्या पट्ट्या बोटाएवढ्या होत्या त्या काडीएवढ्या झाल्या. आतल्या टोकाला तर काडीहून बारीक. नाजूक काम दिसतं. मॉडर्न.
रामरावांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणे, सदाशिवराव, पट्ट्या लय बारीक झाल्या ना. जाणाऱ्याला येणाऱ्याचं पाहवत नाही.

२४ सप्टेंबर, यवतमाळ
एसटीने आलो, धूळ खात. फाउंड्रीवाला ड्रॉइंग पाहून म्हणे, इतक्या खिडक्या कायले? म्हटलं, तुम्ही पितळ ओता, डोकं आम्ही चालवतो. त्याने ड्रॉइंग खिळ्याला अडकवलं. पटलं असावं.

३ ऑक्टोबर
पेटी ढकलणाऱ्या चौघांत हिरासिंग नावाचा हमाल आहे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येतो. सही येत नाही, अंगठा. आज तो मी लेथवर केलेला लांब रोलर हातात घेऊन उलटसुलट फिरवत होता. मग म्हणतो, मिस्त्री, खळ्यात मळणी करताना मधल्या खांबाजवळचा बैल हळू चालते, अन् बाहेरचा धावते. काहून का त्याले फेरा मोठा पडते. दोघाईले एकाच दांडीले बांधलं तर एकजण घासटतच जाईन. हा रोलर तसाच हाय. तोडून दोन करा, मंग ज्याचा तो फिरन.
मी सांगितलं, हे मेकॅनिकल आहे, यात बैल येत नाही. सगळे हसले. हिरासिंगला हसले असणार.

१२ ऑक्टोबर
शिंप्याकडे कोट टाकला. पूजेला लागेल. बटणं पितळी, पिंजऱ्याला मॅच. भागीरथा म्हणे, या उन्हात कोट! तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय ना? हिला मोठ्या मिस्त्रीची बायको म्हणून शोभायला अजून वेळ लागेल.

२० ऑक्टोबर
पिंजरा बसवला. रिकामी पेटी फिरली! सहा जण लागले. आधी चार लागायचे. नवीन आहे, रुळेल.

२१ ऑक्टोबर, खांडेनवमी. सकाळ
कोट घातला. भागीरथेनं ओवाळलं. खुंटी ठोकून ठेवली आहे.

तीच तारीख, दुपार
पेटीत रुई भरली. हळदकुंकू, फुलं, नारळ. मालकांनी हात जोडले. चौघांना हलेना. आठ लावले. करकर, करकर. दात शिवशिवले. अर्ध्या फेऱ्यात खाली कडाड.
पट्ट्या मोडल्या. चोवीस रोलर एकमेकांच्या अंगावर.
कुंकू फार टाकलं. कुंकू बारीक असतं, बेअरिंगमध्ये जातं. पूजेची पद्धतच बदलली पाहिजे.
मालकांनी जाहीर करायचं पुढे ढकललं. पुढे ढकललं म्हणजे रद्द नव्हे.

२८ ऑक्टोबर
कहर! हिरासिंग झरी जामणीकडच्या मेव्हण्याकडून सागाची जाड फळी घेऊन आला. रामरावांनी ती गोल कापून बाराच खिडक्या पाडल्या. माझे बारा रोलर हॅक्सॉने कापून दोन दोन तुकडे! फळी आता चार दिवस एरंडेलात बुडवून ठेवणार. लाकडाचा पिंजरा, म्हटलं, पोपट ठेवता काय? आणि हसलो. एकटाच हसलो.

३ नोव्हेंबर
सीझन सुरू. भरलेली पेटी तिघांनी फिरवली. हिरासिंग मधेच एक हात काढून घाम पुसत होता. मुद्दाम, माझ्याकडे पाहून.
लाकूड आहे. आठ दिवस टिकेल.

११ नोव्हेंबर, दिवाळी
टिकला आहे. हवा कोरडी आहे म्हणून. कोट घालायचं कारण उरलं नाही.

२ डिसेंबर
जाहीर झालं. मोठा मिस्त्री हिरासिंग. मालक म्हणाले, लिहायचं काम सदाशिवराव पाहतील. मी मान हलवली. कशाला हलवली, कोण जाणे. सतरा वर्षं! आज तंबाखूची अख्खी पुडी संपवली.

९ डिसेंबर
हिरासिंगचं बिऱ्हाड क्वार्टरमध्ये आलं. त्याची बायको धनीबाई भागीरथेला म्हणे, घागर घिऊन येत जा बाई, नळ आपलाच समजा. बजावलं, जायचं नाही. भागीरथा म्हणे, मंग विहिरीवर तुमी जा.
ती गेली.

१४ जानेवारी १९५९
विलायतेचा पिंजरा आला. खोका मीच उघडला. बारा खिडक्या. प्रत्येकीत दोन आखूड तुकडे.
मालक म्हणाले, हा राहू द्या कपाटात, लाकडाचा चांगला चालून राह्यला. एजंटाला त्याची माहिती पाठवू. हिरासिंगला लिहिता येत नाही, तुमचं अक्षर चांगलं आहे. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. आतला बैल हळू, बाहेरचा जोरात, म्हणून रोलरचे तुकडे दोन. एक शब्द बदलला नाही. बदलायला काही नव्हतंच. खाली त्याचा अंगठा. माझं नाव कुठे, विचारलं. मालक म्हणाले, टाका ना कोपऱ्यात, लिहून घेणारा म्हणून.
घरी आलो. खुंटीला कोट. भागीरथा घागर घेऊन नळावर गेली होती. चुलीपुढे वरणाचं गरम पातेलं माझ्या मोडक्या पिंजऱ्याच्या अर्ध्या तुकड्यावर ठेवलं होतं.
व्यवस्थित पेलत होता. पातेलं फिरवायचं नसतं.