भिंतीलगतची फट

मेहरूण, जळगाव
१४ जुलै २०२५

चि. हेमराज यास,

आईचे पोटभर आशीर्वाद, सूनबाई मयुरीलाही. इकडे सर्व ठीक. पाऊस बेताचाच आहे. एरंडोलहून वनाआत्या आली होती, तुमच्यासाठी ज्वारीचे पापड, आपल्या बिबड्या, ठेवून गेली. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "आई, ऐक" म्हणतोस आणि मग मलाच ऐकावं लागतं. आज तू ऐक.

पडल्यापासून हाती आलेला वॉकर श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत सुटला नाही तर घराला कुलूप लावून धुळ्याला यायचं, असं तू ठरवलंस. मी हो म्हटलं. पण ते नुसतं तोंडानं.

तर बातमी अशी, की उन्हाळ्यातच हॉलची फरशी बदलली. दचकू नकोस, काही फोडलेलं नाही, जुनीवरच नवी बसवली. रुपचंद मिस्त्रीनं हायब्रीड फरशी सुचवली. मी म्हटलं, हायब्रीड कपाशी पेरली, हायब्रीड ज्वारी खाल्ली, आता हायब्रीडवर चालायचं पण का? तो हसला. म्हणाला, "आक्का, जुनी फरशी फोडानी गरज नही. हाई तिनावरच बसस." आत दगडाची पूड आणि प्लॅस्टिक दाबून केलेला गाभा, वर लाकडासारखी जरा खरबरीत नक्षी. पट्ट्या एकमेकींत खटकन अडकतात, सिमेंट नाही की धूळ नाही. लाकडासारखी पाण्यानं फुगत नाही, टाइल्ससारखी थंडीत पायाला झोंबत नाही. पण मी काय नुसत्या सांगण्यावर भुलणारी? नमुन्याचा तुकडा बादलीत बुडवून ठेवला. मग शेजारच्या सुगंधाबाईला ओल्या पायांनी त्यावर उभं केलं. ती म्हणाली, "मी पडनू तर?" पडली नाही.

मिस्त्रीनं एकच गोष्ट बजावली होती. भिंतीलगत चारी बाजूंनी बोटभर फट राहील, ती बुजवायची नाही, उन्हात फरशीला पसरायला जागा लागते. वरून झाकायची पट्टी तो नंतर लावणार होता. आता माझं आणि मुंग्यांचं जन्माचं वैर तुला ठाऊक आहे. बोटभर फट म्हणजे त्यांना आमंत्रणच! मिस्त्रीची पाठ वळताच मी सुगंधाबाईकडून ती पुट्टीनं गच्च बुजवून घेतली आणि वॉकर धरून वर देखरेख केली.

मग आपलं मे महिन्याचं ऊन. फरशी हॉलच्या मधोमध पुरीसारखी टम्म! मिस्त्रीला फोन केला. "आक्का, बठ्ठी फट बुजी टाकी का?" मी मुंग्यांचं नाव पुढे केलं. तो दीपनगरच्या कामावर अडकलेला, सुगंधाबाई माहेरी, आणि रविवारी तू येणार. फुगलेली फरशी बघून तू काय म्हणाला असतास ते मला तोंडपाठ होतं.

उलथनं घेतलं आणि खाली बसले. हेमराज, पडल्यापासून मी जमिनीला हात लावला नव्हता. भिंत धरून, सरकत सरकत, पुट्टी खरवडत गेले. घामाघूम झाले, शिव्याही दिल्या, बहुतेक मुंग्यांना. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा फरशी कुरकुरली आणि हळूहळू खाली बसायला लागली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की वॉकर हॉलच्या पलीकडच्या टोकाला आहे.

हाका मारल्या. भर दुपारी कोण ऐकणार? हाताचा तळवा फरशीवर टेकला. घसरला नाही. गुडघा टेकला, तोही घसरला नाही. उठले. हॉल ओलांडून चालत गेले आणि वॉकरवर ओला टॉवेल वाळत घातला. तेव्हापासून तो त्याच कामाला आहे.

त्या रविवारी तुझं येणं रहित झालं, बरंच झालं. सरावाला वेळ मिळाला. आता रोज मेहरूण तलावापर्यंत जाते.

आता एक गोष्ट, जी सांगायची नव्हती. मी पडले तेव्हा तुला सांगितलं तसा माझा पाय पदरात अडकला नव्हता. तू हौसेनं बसवून दिलेल्या चकचकीत फरशीवर वरणाचं पाणी सांडलं होतं, त्यावर घसरला. तू मनाला लावून घेशील म्हणून पदराचं नाव केलं. पण तू ओळखलंसच ना? दवाखान्यात माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाहीस. तुझं सगळं चिडणं, घर बंद करण्याचा हट्ट, त्यातूनच येत होता, हे मला कळत होतं आणि मी बोलत नव्हते. बाळा, मी त्या फरशीवर पडायच्या आधी कितीतरी वर्षं मजेत वावरले. तुझी फरशी मी फोडू दिली नाही. ती जशीच्या तशी खाली आहे, तिच्याच आधारावर ही नवी टिकली आहे.

कानबाई यंदाही मेहरूणलाच बसेल. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायला घेतले आहेत. खाली बसून निवडते. मयुरीला सांग, माझ्याशी फुगडी खेळायची तयारी ठेव. आणि दारात आलास की बूट काढ, अनवाणी आत ये, आणि या वेळी माझ्याकडे बघ.

हे पत्र पेटीत टाकायला मी स्वतः चालत निघाले आहे.

तुझी,
धुळ्याला न येणारी
आई